टाकळा कधी खुडायचा आणि कुठला सोडायचा

जून संपत आला की दादर स्टेशनाबाहेर, बोरिवलीच्या बाजारात, ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गोणपाट पसरून बसलेल्या बायकांपुढे शेवळं, भारंगी, फोडशी, कुर्डू यांच्या शेजारी एक साधीच हिरवी जुडी दिसायला लागते. पान मेथीच्या वळणाचं पण थोडं मोठं. चुरगळलं तर वास उग्र, नाक मागे घ्यायला लावणारा. हा टाकळा. विदर्भात त्यालाच तरोटा म्हणतात, गोव्यात तायकिळो, छत्तीसगडात चरोटा आणि हिंदी पट्ट्यात चकवड किंवा पंवाड. ज्या झाडाला इतकी घरगुती नावं आहेत, ते कोणत्या तरी गरजेपोटी स्वयंपाकघरात आलेलं असतं. टाकळ्याची गरज सरळ होती. मागच्या वर्षीचं धान्य संपत आलेलं, नवीन भाजी अजून लागलेली नाही, आणि बांधावर, वाटेवर, गोठ्यामागे फुकट उगवलेलं काहीतरी हिरवं हवं.

मुंबईत हे झाड विकत घ्यावं लागत नाही, असं पहिल्या नजरेला वाटतं. रेल्वेच्या कुंपणाला, बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात, नव्या इमारतीसाठी टाकलेल्या भरावावर, सोसायटीच्या मागच्या भिंतीला पहिल्या दमदार पावसानंतर दहा-बारा दिवसांत ते दाटीनं उगवतं. मग पैसे का द्यायचे? आणि जे जुलैत खातात ते सप्टेंबरात का खात नाहीत? एका घरी पाणी काढून टाकतात, दुसऱ्या घरी तसं करायला सक्त मनाई असते; खरं काय? या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे. टाकळा म्हणजे एक भाजी नव्हे. वयाप्रमाणे आणि भागाप्रमाणे तो भाजी असतो, रेचक असतो, त्वचेचं औषध असतो आणि चुकीच्या भावाबरोबर गल्लत झाली तर विषही ठरू शकतो.

आधी झाड ओळखायचं

बाजारातून घेताना विकणारीची नजर आपल्यासाठी काम करते. स्वतः खुडणाऱ्यानं मात्र तीन खुणा पाठ कराव्यात.

पहिली खूण पानाची. टाकळ्याचं एक पान म्हणजे एका देठावर समोरासमोर जोड्यांनी लागलेल्या बारक्या पानांचा गुच्छ असतो. या बारक्या पानांना पर्णिका म्हणतात. टाकळ्यात त्यांच्या तीन जोड्या, म्हणजे सहा पर्णिका. देठाकडची जोडी सर्वांत लहान, टोकाची सर्वांत मोठी. प्रत्येक पर्णिका बुडाशी निमुळती आणि टोकाला रुंद, गोल. जणू उलटं धरलेलं अंडं. अगदी कोवळ्या रोपाच्या पहिल्या एक-दोन पानांत दोनच जोड्या असू शकतात, त्यामुळे वरचं पूर्ण उघडलेलं पान बघावं.

दुसरी खूण बारीक आहे, पण हीच सर्वांत भरवशाची. पर्णिकांच्या खालच्या जोड्या जिथे मधल्या देठाला लागतात, तिथे दोन पर्णिकांच्या मधोमध टाचणीच्या डोक्यापेक्षाही बारीक, पिवळसर-नारिंगी गाठ उभी असते. ती ग्रंथी. टाकळ्यात ती खालच्या दोन्ही जोड्यांच्या मध्ये दिसते. ती पानांच्या जोड्यांमध्येच असते, देठाच्या अगदी बुडाशी नसते. हे का महत्त्वाचं, ते पुढे येईल.

तिसरी खूण वास. ताज्या पानाचा वास उग्रच हवा. शिजताना तो बराचसा जातो. याच वासामुळे गुरं हिरव्या टाकळ्याला सहसा तोंड लावत नाहीत, आणि म्हणूनच चरून सपाट झालेल्या माळावरही तो एकटा ताठ उभा दिसतो.

संध्याकाळी टाकळ्याच्या पर्णिका हात जोडावेत तशा एकमेकींवर मिटतात. पाहायला सुंदर आहे, मुलांना जरूर दाखवावं. पण ही ओळखीची खूण धरू नये, कारण त्याचे भाऊबंदही असेच मिटतात.

भाऊबंदांपैकी ज्याची भीती बाळगावी असा एक आहे: कासविंदा. काही जण त्याला रानटाकळा म्हणतात आणि नावामुळेच घोटाळा होतो. तो मूळचा अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातला, पण आता आपल्याकडे टाकळ्याच्या खांद्याला खांदा लावून उगवतो. त्याच्या पर्णिका टोकदार, चार-पाच जोड्यांच्या, आणि ग्रंथी एकच, देठाच्या पार बुडाशी. शेंगांवरून तर चूक होऊच नये. टाकळ्याची शेंग लांब, काडीसारखी बारीक, किंचित विळ्यासारखी वाकलेली असते. कासविंद्याची चपटी, जवळजवळ सरळ आणि कडेनं फिकट पट्टी असलेली. कासविंद्याच्या बियांनी काय होतं, हे आपल्या देशानं फार महागात शिकून घेतलं आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात हिवाळ्याच्या तोंडावर दोन-चार वर्षांची मुलं अचानक बेशुद्ध होऊन दगावत, आणि कित्येक वर्षं तो मेंदूज्वर समजला जात होता. बालरोगतज्ज्ञांनी घरोघर चौकशी केल्यावर 2007 च्या सुमारास उलगडलं, की ही मुलं खेळताना कासविंद्याच्या शेंगा खात होती आणि विषानं यकृत, स्नायू आणि मेंदू एकदमच निकामी होत होते. 2016 मध्ये ओडिशातल्या मलकानगिरीत जपानी मेंदूज्वराच्या साथीत इतकी मुलं का दगावली याचा शोध घेताना तज्ज्ञांनी पुन्हा याच झाडाकडे बोट दाखवलं. त्यामुळे आमचं म्हणणं ठाम आहे: टाकळ्याची असो वा कासविंद्याची, कच्ची शेंग मुलांच्या हातात देऊ नये, आणि सोसायटीच्या आवारात कासविंदा दिसला तर शेंग धरण्याआधी उपटावा.

कोवळेपणाचं गणित

टाकळा बी रुजल्यापासून साधारण तीन ते चार आठवडे कोवळा असतो. वीतभर उंची होईपर्यंत संपूर्ण रोपाचा वरचा भाग चालतो. त्यानंतर फक्त शेंडे. भाद्रपदाच्या सुमारास पिवळी फुलं आली की भाजीचा विषय संपला. ऋषिपंचमीच्या भाजीत घालायला म्हणून कुणी तेव्हा शोधायला निघालं तर हाती जून, चामट पानंच येतात.

याचं कारण पानात साठणाऱ्या द्रव्यांत आहे. टाकळा आणि सोनामुखी एकाच कुळातले, बहावाही त्यांचा जवळचा नातेवाईक. या मंडळींच्या अंगात अँथ्राक्विनोन नावाची संयुगं तयार होतात; टाकळ्यातलं मुख्य म्हणजे क्रायसोफॅनॉल, सोबत इमोडिन, ऱ्हीन वगैरे. झाड ती स्वतःच्या बचावासाठी बनवतं, कीड आणि बुरशीपासून. बरीचशी संयुगं साखरेच्या रेणूला बांधलेल्या रूपात असतात. या रूपात ती आपल्या जठरातून आणि लहान आतड्यातून जवळजवळ तशीच पुढे सरकतात. मोठ्या आतड्यात पोचल्यावर तिथले जिवाणू साखर तोडून घेतात, उरलेला भाग मोकळा होतो आणि आतड्याच्या भिंतीला चाळवतो. हालचाल वाढते, पाणी शोषलं जाणं कमी होतं. म्हणूनच सोनामुखी रात्री घेतली तर परिणाम सकाळी दिसतो. टाकळ्याची भाजी "पोट साफ करते" असं घरोघरी म्हणतात, त्याच्या मागे हीच यंत्रणा आहे.

कोवळ्या पानात हे प्रमाण सौम्य असतं. झाड जून होत जातं तसा कडवटपणा आणि रेचकपणा दोन्ही चढत जातात, पानातला तंतू वाढतो, आणि बियांत तर या द्रव्यांचा भरपूर साठा होतो. तेव्हा "टाकळा खाल्ला आणि पोट बिघडलं" अशी तक्रार ऐकली की पाककृतीत दोष शोधण्याआधी तारीख विचारावी. ऑगस्टच्या अखेरीस खुडलेल्या पानांची परातभर भाजी एकट्यानं संपवली तर ती कितीही चांगली फोडणी घातलेली असली तरी रात्र जागरणात जायचीच.

पहिल्यांदा खाणाऱ्यानं अर्धी वाटी, सवय असलेल्यानं एक वाटी, आणि आठवड्यातून एकदा. हे प्रमाण पुरेसं आहे. गरोदर बाईनं, जुलाब चालू असलेल्यानं आणि अगदी लहान मुलांनी टाळावी. मूतखड्याचा त्रास असलेल्यांनीही सांभाळावं, कारण बऱ्याच पालेभाज्यांप्रमाणे यातही ऑक्झलेट असतं. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी एकाएकी पालेभाजीचं प्रमाण वाढवू नये, हे टाकळ्यालाही लागू आहे.

मुंबईत कुठून आणायचा

इथे थोडं स्पष्ट बोलायला हवं. रेल्वेच्या रुळांकडेचा, महामार्गालगतचा, नाल्याच्या काठचा आणि भरावावरचा टाकळा कितीही टवटवीत दिसला तरी खाऊ नये. पालेभाज्या मातीतलं शिसं आणि कॅडमियम मुळांवाटे ओढून घेतात, आणि रस्त्याची धूळ पानांवर बसते ती वेगळीच. धूळ धुऊन जाते. मुळांनी आत घेतलेला धातू कितीही पाण्यातून काढला तरी जात नाही, शिजवूनही जात नाही. शिसेयुक्त पेट्रोल देशभर 2000 साली बंद झालं, पण शिसं मातीत विरघळून नाहीसं होत नाही, वरच्या थरात दशकानुदशकं तसंच राहतं. भरावाच्या मातीत रंगाचे पापुद्रे, पाइपांचे तुकडे, काय काय असतं हे कुणालाच ठाऊक नसतं. रुळांच्या कडेला आणि सोसायट्यांच्या आवारात तणनाशक मारलेलं असू शकतं, ते पान सुकेपर्यंत दिसतही नाही. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून कोणतीही वनस्पती खुडून आणणं कायद्यानं गुन्हा आहे, तेव्हा तोही मार्ग नाही.

उरतात त्या पालघर, डहाणू, वसई, शहापूर, कर्जत, मुरबाडकडून पहाटेच्या लोकलनं भाजी घेऊन येणाऱ्या आदिवासी आणि शेतकरी बायका. वारली, कातकरी, ठाकर समाजातल्या या बायकांना कुठल्या बांधावरचा टाकळा कोवळा आहे हे नेमकं माहीत असतं. त्यांच्याकडून घेताना भावात घासाघीस करू नये असं मनापासून वाटतं. जुडी स्वस्तच असते, आणि तिच्यामागे ओल्या रानातली दोन-तीन तासांची वेच आणि तेवढाच प्रवास असतो.

जुडी निवडताना काडी मोडून बघावी. टचकन मोडली तर कोवळी, वाकून तंतू लोंबला तर जून. पानं फिकट हिरवी हवीत; गडद हिरवी आणि जाड म्हणजे उशीर झालेला. जुडीत कळी किंवा बारीक शेंग दिसली तर ती जुडी सोडून द्यावी. सकाळी लवकर घ्यावी. दुपारपर्यंत गोणपाटावर पाणी मारून ठेवलेली जुडी आतून कुजायला लागते आणि मधली पानं काळी निघतात. घरी आणल्यावर लगेच दोरा सोडून पसरावी. फ्रिजमध्ये ठेवायचीच असेल तर न धुता, सुती फडक्यात गुंडाळून, फार तर एक दिवस.

निवडणं आणि धुणं

ही भाजी निवडायला वेळ लागतो आणि तो द्यावाच. मधला मुख्य दांडा टाकून फक्त पानं आणि वरचा बोटाच्या पेराएवढा कोवळा शेंडा घ्यावा. जुडीच्या वजनातलं निम्म्याच्या आसपासच हाती लागतं, म्हणून चार माणसांना पाव किलो निवडलेली पानं हवी असतील तर अर्धा किलो जुड्या घ्याव्यात.

निवडताना पानाच्या मधल्या शिरेला चिकटून बसलेली हिरवी अळी दिसेल. ती शिरेच्या रंगाशी अशी मिसळते की नजर सरावल्याशिवाय दिसत नाही. पावसाळ्यात बागेत भिरभिरणाऱ्या छोट्या पिवळ्या आणि फिकट पांढुरक्या फुलपाखरांची ही पिल्लं. टाकळा हे त्यांचं घरचं अन्न आहे. अळी दिसली तर पानावर फवारणी झालेली नसण्याचीच शक्यता जास्त. निवडलेली पानं मोठ्या पातेल्यात मीठ घातलेल्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवली की राहिलेल्या अळ्या सुटून येतात. मग साध्या पाण्यातून तीनदा काढावीत. पाणी ओतून देऊ नये, पानं वरच्यावर उचलून घ्यावीत. ओतलं तर तळाशी बसलेली माती पुन्हा पानांवरच येते. धुऊन झाल्यावर चाळणीत निथळत ठेवावीत आणि मगच चिरावीत. चिरून धुतली तर चव आणि सत्त्व दोन्ही पाण्यात जातात.

भाजी

पाव किलो निवडलेली पानं, पाव वाटी मुगाची डाळ, दोन मध्यम कांदे, सहा-सात लसूणपाकळ्या, तीन हिरव्या मिरच्या, दोन टेबलस्पून तेल, मोहरी, हिंग, चिमूटभर हळद, तीन-चार टेबलस्पून ओलं खोबरं, लहान सुपारीएवढा गूळ, मीठ आणि शेवटी अर्ध्या लिंबाचा रस.

डाळ तासभर भिजवावी. नखानं दाबली तर तुटली पाहिजे. कमी भिजलेली डाळ पानं शिजून गेली तरी कडकच राहते आणि तिच्यासाठी भाजी जास्त शिजवली की पानांचा लगदा होतो. तेल तापल्यावर मोहरी तडतडू द्यावी, मग हिंग, ठेचलेला लसूण आणि मिरच्या. लसूण बदामी झाला की कांदा घालून तो पारदर्शक होईपर्यंत परतावा. हळद, भिजवलेली डाळ घालून दोन मिनिटं परतावं, पाव वाटी पाण्याचा हबका मारून झाकण ठेवावं आणि डाळ बोटचेपी होईपर्यंत शिजवावी. डाळ शिजण्याचं काम इथेच उरकायचं.

आता बारीक चिरलेली पानं घालावीत. पातेलं ओसंडून वाहील असं वाटेल, पण दोन मिनिटांत ती निम्म्याहून खाली बसतात. म्हणूनच मीठ पानं बसल्यानंतर घालावं; आधी घातलं की ढिगाकडे बघून अंदाज चुकतो आणि भाजी खारट होते. यापुढे झाकण ठेवू नये. पानं शिजताना त्यांतली हलकी आम्लं वाफेबरोबर बाहेर पडतात. झाकण असलं तर ती वाफ परत पातेल्यात पडते, आम्लामुळे पानाच्या हिरव्या रंगातलं मॅग्नेशियम निघून जातं आणि भाजी शेवाळी-तपकिरी होते. उग्र वासही आतच कोंडतो. मध्यम आचेवर, उघड्यावर, अधूनमधून परतत आठ-दहा मिनिटं पुरतात. गूळ घालावा, खोबरं घालून एकदा परतावं आणि आच बंद केल्यावर लिंबू पिळावं. लिंबू किंवा आमसूल आधी घातलं तर तीच रंगाची गत होते.

लिंबाचा आणखी एक उपयोग आहे. या भाजीनं "रक्त वाढतं" असं म्हणतात. पानांत लोह आहे हे खरं, पण पालेभाज्यांतलं लोह शरीर फार थोडं उचलतं. लिंबातलं क जीवनसत्त्व ते उचलणं सोपं करतं. जेवणावर लगेच चहा प्यायला तर चहातली द्रव्यं तो फायदा बराचसा घालवतात.

पाणी काढून टाकायचं की नाही, हा वाद वयावरच सुटतो. जूनच्या अखेरचा, वीतभर उंचीचा टाकळा थेट फोडणीत टाकावा. उकळून पाणी ओतून दिलं तर क जीवनसत्त्व आणि फॉलेट फुकट जातात आणि हाती चोथा राहतो. जुलैच्या अखेरीस, शेंड्यांवर आलेल्या झाडाची पानं मात्र उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून, पाणी टाकून, पिळून घ्यावीत. त्या पाण्यात कडवटपणा, अँथ्राक्विनोनचा आणि विरघळणाऱ्या ऑक्झलेटचा बराच भाग निघून जातो. दोन्ही घरं आपापल्या जागी बरोबर असतात. एक जण आषाढाच्या सुरुवातीला बोलत असतो, दुसरा श्रावणात.

कोकणात आणि गोव्यात याच भाजीत फणसाच्या आठळ्या घालतात. फणस पाऊस सुरू होता होता संपतो, आणि मातीत घोळवून ठेवलेल्या आठळ्या नेमक्या याच दिवसांत बाहेर निघतात. दहा-बारा आठळ्या सोलून, ठेचून, मीठ घालून वेगळ्या उकडून घ्याव्यात आणि डाळीच्या जागी घालाव्यात. आठळीची पिठूळ गोडी टाकळ्याचा किंचित कडूपणा अगदी झाकून टाकते. भाकरी तांदळाची असावी. मुंबईत जून-जुलैत आठळ्या विकतही मिळतात, पण कोंब फुटलेल्या घेऊ नयेत, त्या उकडून चिकट होतात.

बी, आणि त्याचे न खाण्याचे उपयोग

दिवाळीनंतर शेंगा वाळतात आणि तडकून बी उडतं. बी तपकिरी, चकचकीत, तिरक्या कापलेल्या लहान दंडगोलासारखं आणि दगडासारखं कडक. पोटापुरतं पान खाणाऱ्या समाजांनी हे बीही वाया जाऊ दिलं नाही. ते भाजून, कुटून कॉफीसारखं पेय करण्याची रीत आपल्याकडे आहे, आणि चीन, कोरिया, जपान इथे भाजलेल्या बियांचा चहा आजही दुकानात मिळतो. चिनी भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ दृष्टी स्वच्छ करणारं बी असा आहे. त्यात कॅफिन नसतं. चव कॉफीच्या जवळ जाते ती भाजण्यामुळे.

पण हे घरी करण्याची शिफारस आम्ही करत नाही. रानातून गोळा केलेल्या बियांत कासविंद्याचं बी मिसळलेलं असण्याचा धोका खरा आहे. हा धोका कागदावरचा नाही याची साक्ष औद्योगिक नियमांत मिळते. टाकळ्याच्या बियांच्या आतल्या पांढऱ्या भागापासून एक डिंक तयार होतो, गवारीच्या डिंकाचा भाऊ म्हणावा असा; आइस्क्रीम, चीज, पाळीव प्राण्यांचं डबाबंद अन्न घट्ट करायला तो वापरतात आणि युरोपात त्याला ई 427 हा क्रमांक आहे. त्या नियमात मूळ बियांत कासविंदा 0.05 टक्क्यांहून कमी हवा, आणि तयार डिंकात अँथ्राक्विनोन किलोमागे 0.5 मिलिग्रॅमहून कमी हवं, असं नेमकं लिहिलेलं आहे. कारखान्यात यंत्रं जे निवडून काढतात ते घरच्या सुपात निवडणं कठीण.

खाण्यापलीकडचा एक उपयोग मात्र फार देखणा आहे. दक्षिणेतले रंगारी निळीच्या रंगाचा माठ लावताना टाकळ्याचं बी शिजवून त्यात घालत आले आहेत. नीळ पाण्यात विरघळत नाही. तिला विरघळवण्यासाठी माठ आंबवावा लागतो, आणि आंबवणाऱ्या जिवाणूंना हे पिष्टमय, चिकट बी खाद्य पुरवतं. माठाला ऑक्सिजन उरत नाही, नीळ विरघळते, कापड बुडवून वर काढलं की हवेत हिरव्याचं निळं होतं. कलमकारीच्या आणि जुन्या निळ्या लुंग्यांच्या रंगामागे हे तणही आहे.

गजकर्ण आणि टाकळा

संस्कृतात टाकळ्याला चक्रमर्द म्हणतात, आणि दद्रुघ्नही. दद्रू म्हणजे गजकर्ण, चक्र म्हणजे त्याचा गोल वाढत जाणारा चट्टा. पाल्याचा रस किंवा ताकात वाटलेलं बी चट्ट्यावर लावण्याची रीत जुनी आहे आणि तिच्यामागे रसायनशास्त्र आहे, कारण क्रायसोफॅनॉल बुरशीच्या वाढीला आळा घालतं. याच घराण्यातल्या एका द्रव्याची गोष्ट तर आपल्या किनाऱ्यावरून गेलेली आहे. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर 'गोवा पावडर' नावाचं औषध प्रसिद्ध होतं. ती पूड ब्राझीलमधल्या एका झाडाच्या लाकडातून निघायची आणि पोर्तुगीज जहाजांतून गोव्यात उतरायची. पहिल्या महायुद्धात तिचा पुरवठा तुटला तेव्हा जर्मनीत 1916 साली तिच्या जागी डिथ्रॅनॉल हे कृत्रिम औषध आणलं गेलं, आणि सोरायसिसवर ते अजूनही दिलं जातं. टाकळ्यातलं क्रायसोफॅनॉल आणि ती पूड रसायनाच्या नात्यानं एकमेकांच्या जवळची आहेत.

तरीही आज मुंबईत गजकर्ण झालेल्यानं पाला वाटून बसू नये. दमट हवा, लोकलची गर्दी, घामट घट्ट कपडे यांमुळे ही बुरशी इथे घर करून राहते. शिवाय स्टेरॉइड मिसळलेली मलमं दुकानातून सल्ल्याशिवाय घेऊन लावल्यामुळे नेहमीच्या औषधांना दाद न देणारं गजकर्ण भारतात बरंच पसरलं आहे. अशा चट्ट्यावर पाल्यानं फक्त वेळ जातो. तो घट्ट बांधून ठेवला तर कातडी भाजल्यासारखी लाल होते, ते वेगळंच. चट्टा पंधरवड्यात हटला नाही, किंवा घरात दुसऱ्याला आला, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं.

कुंडीतला टाकळा

ज्यांना स्वच्छ मातीतला टाकळा खायचा आहे आणि बाजार लांब पडतो, त्यांच्यासाठी सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे गॅलरीतली कुंडी. दिवसाला पाच-सहा तास ऊन हवं. गावाकडून, ओळखीच्या झाडावरून, काडीसारख्या बारीक शेंगांतलं बी डिसेंबरात आणून ठेवावं. एक चमचाभर पुरतं.

तसंच पेरलं तर दहांतलं एखादंच उगवतं, आणि बी खराब निघालं असं वाटतं. बी खराब नसतं, त्याचं कवच पाणी आत घेत नाही. रानात ते उन्हानं, पावसानं, मातीच्या घासण्यानं झिजतं. म्हणूनच एका वर्षी पडलेलं बी पुढची कित्येक वर्षं थोडं थोडं उगवत राहतं. घरी पाणी उकळून, गॅस बंद करून पाच मिनिटं थांबावं आणि ते बियांवर ओतून रात्रभर ठेवावं. सकाळी जी फुगली ती पेरावीत, न फुगलेली बारीक पॉलिश पेपरवर दोन-चार वेळा घासून पुन्हा भिजवावीत.

बारा इंची कुंडीत निम्मी माती, निम्मं कंपोस्ट आणि थोडी वाळू. जास्त खत नको, पानं मऊ आणि पाणचट होतात. चाळीस-पन्नास बिया दाट पेरून वर पेरभर माती. जूनच्या पहिल्या आठवड्यात पेरलं तर पाणीही पाऊसच देतो, फक्त कुंडीच्या भोकांतून पाणी वाहतंय ना ते बघावं. साचलं तर रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात. चार-पाच दिवसांत कोंब येतात, वीस-पंचवीस दिवसांत रोपं वीतभर होतात. मुळासकट उपटू नयेत. खालची दोन पानं ठेवून वरचा भाग खुडावा, म्हणजे बगलेतून फांद्या फुटतात आणि पंधरा दिवसांनी दुसरी खूड मिळते. तिसरी मिळते, पण ती उकळून पाणी टाकण्याच्या वर्गातली.

सोसायटीच्या मागच्या मोकळ्या जागेत गाजरगवत माजलं असेल तर तिथे पावसाआधी टाकळ्याचं मूठभर बी फेकावं. टाकळा दाट आणि झपाट्यानं उगवतो, गाजरगवताच्या रोपांवर सावली धरतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत जागा व्यापतो; कृषी शास्त्रज्ञही गाजरगवतावर हा उपाय सुचवतात. गाजरगवतानं अंगाला खाज आणि दमा होतो, टाकळ्यानं होत नाही. कुंडीतली एक-दोन रोपं मात्र न खुडता तशीच वाढू द्यावीत: एक पुढच्या जूनच्या बियांसाठी, आणि एक त्या पिवळ्या फुलपाखरांसाठी.